सुपारी फुटेपर्यंत उठायचं नाही

जमिनीवर मांडी घालून बसलो की मी चार माणसांसारखा दिसतो. खांदे रुंद, छाती भरलेली, डोकं चांगलं मोठं. पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या माणसानं मला कितीतरी वेळा साध्या आवाजात विचारलंय, "पाव्हणं, कुठलं गाव?" गाव सांगायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं, भाकरी मोडायची. मग पंगत उठते, मीही उठतो, आणि त्या माणसाचं तोंड बदलतं. कारण मी उठलो तरी फारसा वर जात नाही. धड पुरं मिळालं, हातपाय आखूड मिळाले.

हे रडगाणं नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला माणूस, आणि ते काही कुणी उचलून नेऊन पोचवलेलं नाही. पण बसण्याचं आणि उठण्याचं हे जे आहे ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव पाथर्डीच्या रस्त्याला, कोरड्या अंगाचं. तिथं सगळं बसून चालायचं. शाळेत तरटावर, देवळात भजनाला घोंगडीवर, लग्नात मांडवाखाली, चावडीपुढं धुळीत. खुर्ची गावात फक्त पाटलाच्या ओसरीवर, आणि तिच्यावर पाटीलसुद्धा बसत नसे. फौजदार आला की ती पुसायची. त्यामुळं दिवसातला बराच वेळ मी कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. उठलो की मात्र नावं सुरू व्हायची. पोरं 'गिड्ड्या' म्हणायची. मोठी माणसं 'गिड्डं' म्हणायची. "ते गिड्डं आलं का रं?" माझ्या वयाची बाकीची पोरं मिसरूड फुटलं तशी 'तो' झाली, मी 'ते'च राहिलो. वासरू, करडू, गिड्डं. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असंही नाही. माझी सख्खी चुलती ताटात जास्तीचं धपाटं टाकून म्हणायची, "खाऊ द्या गिड्ड्याला." प्रेमानंच म्हणायची.

आई मात्र मला काहीच म्हणायची नाही. म्हणजे नावानं हाक मारायची. दुसऱ्या कुणी भलता शब्द काढला तर भांडायची नाही, नुसती उठून आत जायची.

नगरला कॉलेजात आलो आणि तिथं मी खरा बुटका झालो. तिथं सगळीकडं बाकं. बाकावर बसलो की पाय लोंबकळायचे, आणि पुढचं डेस्क हनुवटीला लागायचं. लायब्ररीची खिडकी उंच, फी भरायची खिडकी उंच, पाण्याचा नळ उंच. खिडकीच्या आतला कारकून ओरडायचा, "पुढचा कोण आहे?" आणि पुढं मीच उभा असायचो. मी हात वर करून कागद दाखवायचो. मागची पोरं हसायची. त्या वर्षी नगरात सर्कस येऊन गेली होती, म्हणून पोरांना शब्द आयताच मिळाला: जोकर. सर्कशीतला एक माणूस तर मला बाजारात भेटला. ओळख नाही, पाळख नाही, थेट म्हणाला, "काम करतोस का? जेवून-खाऊन पगार." मी म्हटलं, "मी बी.ए. करतोय." तो बिलकूल हलला नाही. "कर की. आमच्यात एक मॅट्रिक हाय."

आमचे इतिहासाचे प्राध्यापक चांगले होते. मला 'या, वामनमूर्ती' म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द मानाचा होता. एकदा सुलतानांच्या दरबाराचा धडा चालला होता. बोलता बोलता ते म्हणाले, की राजेलोकांच्या पदरी खुजी माणसं असत. करमणुकीला. एक राजा दुसऱ्याला हत्ती नजर करी, उंची कापड नजर करी, तशी खुजी माणसंही नजर करी. सगळा वर्ग माझ्याकडं वळून बघायला लागला. सरांच्या ते उशिरा लक्षात आलं, आणि ते खडू शोधायला लागले. मला वाटलं, गप्प बसलो तर ही पोरं वर्षभर हेच चघळतील. मी विचारलं, "सर, त्या माणसांची नावं काय होती?"

सरांनी खडू शोधणं सोडलं. म्हणाले, "नावं नाही सापडत रे. हत्तींची सापडतात."

त्यांनी ते सरळ मनानं सांगितलं, आणि मला ते आवडलं. खोटं काही बोलले नाहीत.

त्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी आईला सांगितलं, की कॉलेजात मला वामन म्हणतात, देवाचा अवतार. मला वाटलं, खूश होईल. पाडव्याचा दिवस होता. ती हातात आरती घेऊन गोठ्याकडं निघाली होती, आणि दरसालचं म्हणत होती, इडा पिडा जाऊ दे, बळीचं राज्य येऊ दे. माझं ऐकून ती तिथंच थबकली.

"कोन म्हनतंय वामन?"

"आमचे सर."

"त्यानं तर आपल्या बळीराजाला पाताळात घातला. भिक्षा मागायला आला आन घर घेतलं. तू कशाला तसला? तू कुनाचं काय घेतलंस?" आणि आरती विझेपर्यंत ती मला त्या सरांबद्दल बोलत राहिली. मानाचा शब्द म्हणून जो मी नगरहून एवढा जपून आणला, तो आमच्या घरात शिवी निघाला. मग मी तोही सोडून दिला.

पदवी मिळाली. नगरजवळ नागापूरला नव्यानं कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एका वर्कशॉपच्या हपिसात कारकुनाची जागा मिळाली. मिळाली म्हणजे साहेबांनी मला बघितलं, सर्टिफिकेट बघितलं, पुन्हा मला बघितलं, आणि म्हणाले, "बसून करायचंच काम आहे." मी म्हटलं, "बसल्यावर माझ्यात काही कमी नाही." जागा दिली.

खोली नगरातच घेतली, एका मुसलमान म्हातारीच्या घराच्या मागच्या अंगाला. तिचा दादला कधीकाळी कचेरीत होता, म्हणून तिला कारकुनाची किंमत. ती मला 'मुन्शीजी' म्हणायची. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकच शब्द, जो मी उभा असतानाही कुणी बदलला नाही. खोली चांगली होती, भिंत कोरडी होती, पण दाराची आतली कडी उंच होती. पार चौकटीच्या माथ्याला. मी एक काठी ठेवली होती, तिच्या टोकाला खाच केली होती. खोलीत आलो की काठीनं कडी सरकवायची, बाहेर जायचं तर काठीनं काढायची. पावसाळ्यात लाकूड फुगलं की कडी अडायची, मग पत्र्याची ट्रंक ओढून तिच्यावर चढायचं. म्हातारीनं ते धडपडणं बाहेरून ऐकलं होतं. एक दिवस म्हणाली, "मुन्शीजी, कडी नीचे लगवा दूं क्या? गल्लीत सुतार हैच."

मी म्हटलं, "राहू द्या. लग्न व्हायचंय. ती आली की लावील की कडी."

हे मी सहज बोललो, पण बोलल्यावर ते माझ्या डोक्यात बसलं. संध्याकाळी हपिसातून यायचं, स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा, आणि काठीनं कडी लावताना रोज मनात यायचं, की ही काठी काही दिवसांचीच आहे. सुट्टीच्या दिवशी तर सबंध दिवसात माझ्याशी कुणी बोलत नसे. म्हातारी नमाजात, मी खाटेवर. लष्कराच्या गाड्या रस्त्यानं जायच्या, त्यांचा आवाज ऐकायचा. लढाई नुकतीच संपली होती. लोक ओट्यावर बसून ढाक्याच्या गोष्टी सांगत. मीही जाऊन बसायचो. गोष्ट संपली की सगळे उठायचे, आणि मी जरा मागं राहायचो, सगळे गेल्यावर उठायचं म्हणून. मला माणूस हवं होतं. हे लिहायला लाज वाटत नाही.

लग्नाचं मामानं हातात घेतलं. आईचा थोरला भाऊ, बोलका, दहा गावचा, सोयरीक जुळवण्यात हात बसलेला. त्यानं मला नगरच्या स्टुडिओत नेलं. तिथं पदवीचा काळा झगा आणि टोपी भाड्यानं मिळायची. नवा पदवीधर झाला की असा फोटो काढून घरात लावायची तेव्हा पद्धतच होती. फोटोवाल्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि छातीपर्यंत फोटो काढला. फोटो झकास आला. कोणी बघितला तर म्हणावं, काय माणूस आहे! मामानं तो पाकिटात घातला आणि फिरायला लागला.

जवळच्या गावांत काही जमेना. कारण जवळच्या गावांत मला सगळे ओळखत. फोटो दाखवला की समोरचा म्हणायचा, "ह्ये तुमचं गिड्डंच न्हवं का?" मग मामानं कोरडा मुलूख सोडला आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या अलीकडं स्थळ काढलं. तिथं त्याचा एक लांबचा पाहुणा होता, तोच मध्यस्थ. सोयरिकीच्या बोलण्याची एक वेगळीच भाषा असते. काळ्या मुलीला सावळी म्हणायचं, चकण्याला नजर जरा अशी म्हणायचं. मामानं माझ्याबद्दल कळवलं होतं, "मुलगा बी.ए., नोकरीला, व्यसन न्हाई, उंची जरा बेताची."

निघायच्या आदल्या दिवशी मामानं मला सगळं समजावून सांगितलं. आपण मुलीच्या घरी जरा लवकर जायचं. तिचा बाप आणि चुलते भाताच्या खाचरावर असतील, घरात बायका आत चुलीपाशी. मध्यस्थ आपल्याला ओसरीवर नेऊन बसवील. मग माणसं येतील. मुलगी दाखवतील. पसंत म्हणायचं. सुपारी फोडायची. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग कुणी माघार घेत नाही.

"तू फकस्त एक कर," मामा म्हणाला. "सुपारी फुटेस्तोवर उठायचं न्हाई."

"आणि नंतर?"

"नंतर उठ की. कोन न्हाई म्हनतंय?"

मी हो म्हटलं. बसलेला मीच, आणि उठलेलाही मीच. बसून दिसतो त्यात खोटं काय आहे, असं मी स्वतःला समजावलं. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

पहाटेच्या एस.टी.नं निघालो. संगमनेर ओलांडल्यावर पुढं मुलूखच बदलला. आमच्याकडं दोन वर्षं पावसानं ओढ दिलेली, तिकडं माघातसुद्धा ओढ्याला पाणी. राजूरच्या पुढं उतरून चालत गेलो. मध्यस्थ यायचा होता, म्हणून वाटेवरच्या जुन्या दगडी देवळात थांबलो. आत गार काळोख. डोळे सरावल्यावर दिसलं, की प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एकेक बुटका माणूस कोरलेला आहे. आखूड हात वर केलेले, आखूड पाय मुडपलेले, पोट पुढं, आणि डोक्यावर सगळं छत. मामाचीही नजर तिकडं गेली. तो पटकन म्हणाला, "ह्ये बग, तुझ्याव..." मग खोकला काढला.

मी म्हटलं, "बोला की मामा. माझ्यासारखेच आहेत."

"देवाच्या घरात हायेत," मामा म्हणाला. "लई पुण्य."

मध्यस्थ आल्यावर मी त्याला विचारलं, ह्यांना काय म्हणतात. तो म्हणाला, "कीचक. भीमानं मारला त्यो." का कीचक, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी वर बघत राहिलो. एकाच्याही तोंडावर त्रास नव्हता, सगळे हसतमुख. ज्यानं कोरले त्याला तसंच वाटलं असेल.

मुलीच्या घरी सगळं मामाच्या बेताप्रमाणं झालं. ओसरीवर सतरंजी आणि घोंगडी अंथरलेली. मी भिंतीला टेकून मधोमध बसलो. मामानं दारातून माझ्या चपला उचलल्या, धोतराच्या सोग्यानं झटकल्या आणि आपल्या पिशवीत टाकल्या. चपला लहान पोराच्या मापाच्या. दारात दिसल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं. ते मी बघितलं, पण मांडी सोडली नाही.

मुलीचा बाप आला. हातपाय धुतलेले, डोक्याला ताजा फेटा. "रामराम, रामराम." मी बसल्या बसल्या हात जोडले. त्यानं फोटो आतून मागवला, माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. "फोटूवानीच हाय की," तो म्हणाला, आणि त्याच्या भावांनी माना डोलावल्या. मग मला नगरची खबर विचारली, लष्कराची विचारली, कारखान्यात काय करतात ते विचारलं. मी नीट सांगितलं. खरं सांगतो, तेवढा वेळ मी सुखात होतो. चार बापई मला काही विचारत होते, आणि मी सांगेन ते ऐकत होते. त्यातला एक चुलता तर मला 'साहेब' म्हणाला.

मुलीला आणलं. अंगापेक्षा लुगडं मोठं, पदर कपाळापर्यंत. पाटावर बसली आणि खाली बघत राहिली. मध्यस्थानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही; तिचा संसार असेल कुठंतरी. सातवी झालेली. भाताची लावणी येते, भाकरी येते, नाचणीची येते, बाजरीची येत नाही. "शिकंल की," मामा मोठेपणानं म्हणाला. मग म्हणाला, "बाय, जरा उठून चाल बरं. त्या दारापोत्तर जा आन ये."

ही रीतच होती. मुलगी लंगडत नाही ना, पाऊल फताडं नाही ना, ते बघायचं. मी माझ्या चुलत बहिणींना असंच चालवताना बघितलं होतं, आणि मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. मुलगी उठली. उभी राहिल्यावर ती चांगली उंच होती. दारापर्यंत गेली. मामा म्हणाला, "लुगडं जरा वर घे, पावलं दिसू दे." तिनं लुगडं चिमटीत धरून वर घेतलं आणि परत आली. पदराबाहेर तिचा एक कान दिसत होता, तो लाल झाला होता.

मी भिंतीला टेकून बसलो होतो, आणि माझ्या चपला मामाच्या पिशवीत होत्या.

"ब्येस," मामा म्हणाला. "आमाला पसंत हाय. आना सुपारी."

ताटात सुपारी आली, अडकित्ता आला. मुलीच्या बापानं हात पुढं केला.

मी म्हटलं, "जरा थांबा. मीही चालून दाखवतो."

मामानं माझा गुडघा दाबला. मी त्याचा हात बाजूला केला आणि उठलो. सतरंजीवरून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ती जेवढं चालली तेवढंच. मी चालतो तेव्हा अंग दोन्हीकडं झुलतं. तेही लपवलं नाही. आतल्या दारात बायकांची गर्दी झाली होती, तिथून एक पोरगं फिसकन हसलं आणि लगेच त्याला धपाटा बसल्याचा आवाज आला.

मुलीच्या बापानं माझ्याकडं बघितलं नाही. मध्यस्थाकडं बघितलं. "उंची बेताची म्हनला हुता तू."

"बेताचीच हाय की," मध्यस्थ म्हणाला.

एक चुलता हसला, मग दुसरा हसला, आणि मग मलाही हसू आवरेना. मुलीनं पदराआडून मान वर केली. पहिल्यांदाच. मी अजून उभाच होतो, ती पाटावर बसली होती, त्यामुळं आमची नजर एका उंचीवर आली. मी म्हटलं, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

मुलीला काही विचारायला सांगतात, ही रीत नव्हती. ती बापाकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "हापिसात खुर्च्या असत्यात न्हवं? खुर्चीवर कसं बसता?"

"ए, गप," बाप म्हणाला.

"चढून," मी म्हटलं. "खाली एक खोकं ठेवलंय. आधी खोक्यावर, मग खुर्चीवर."

"आन उतरताना?"

"उडी मारतो."

ती हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. मला बघून लोक हसतात ते मला लांबून ओळखू येतं. हे तसलं नव्हतं. आजवर मला कुणी हे विचारलंच नव्हतं. लोकांनी नावं ठेवली, कीव केली, देवाचा अवतार म्हटलं, पण तू दिवसभर खुर्चीवर कसा चढतोस रे, हे साधं कुणाला जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

सुपारी ताटात तशीच राहिली. पण बापानं आम्हाला उपाशी सोडलं नाही. "जेवल्याबिगर जायाचं न्हाई," म्हणाला. पंगत बसली, आणि पंगतीत मी पुन्हा चार माणसांसारखा झालो. भात वाढायला तीच आली. मी हात आडवा केला, तरी तिनं वाढला. "घ्या की," एवढंच म्हणाली. त्या भाताचा वास मला अजून आठवतो.

निघताना मी मामाला सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, चपला द्या." मामानं पिशवीतून काढल्या. मी दारात उभा राहून घातल्या. बाप म्हणाला, "कळवतो."

एस.टी.त मामा संगमनेरपर्यंत पिशवीची घडी घालत, मोडत बसला. मग म्हणाला, "बी.ए. केलंस, पर येवढी कळ काढता आली न्हाई. अडकित्त्यात सुपारी हुती, सुपारी!"

"तिला चालवलंत तुम्ही."

"मंग? पोरीला चालवत्यात."

"मलाही चालवायचं होतं मग."

"तुला बगून कोन दील का पोरगी?" हे त्याच्या तोंडून निघून गेलं. मग तो खिडकीबाहेर बघत बसला, आणि नगर यायच्या जरा आधी त्यानं मला शेंगदाण्याची पुडी दिली.

कळवतो म्हणाले होते, म्हणून मी वाट बघितली. मामाला आशा नव्हती, मला होती, आणि ती त्या खुर्चीच्या प्रश्नामुळं होती. मी खोली झाडून घेतली. एक जास्तीची जर्मनची थाळी आणली, एक पेला आणला. स्टोव्हची वात बदलली. कपबशा ठेवायची फळी माझ्या बेतानं खाली ठोकलेली होती. एखाद्या उंच बाईला तिथं वाकावं लागेल म्हणून आणखी एक फळी वर ठोकायचा विचार केला, खिळेही आणले. म्हातारी एक दिवस दारात उभी राहून बघत होती. "कोई आ रहा क्या, मुन्शीजी?"

"बघू," मी म्हटलं.

होळी झाली. गुढीपाडवा झाला. एका रविवारी मामा आला. फेटा काढून खाटेवर ठेवला, पाणी प्याला, आणि दुसऱ्याच गोष्टी बोलायला लागला. आमच्या बाजूला खडी फोडायची कामं निघालीत, बैल विकावे लागतील, असलं काहीबाही. शेवटी म्हणाला, "त्यांचा निरोप आला. लांब पडतंय म्हनत्यात."

"कोण म्हणतंय? ती, का तिचा बाप?"

"पोरी कुटं काय म्हनत्यात?" मामा म्हणाला. मग फेट्याकडं हात नेत, "आनखी बगू. मुलूख लई मोठा हाय."

"आता नको, मामा."

"आरं..."

"मला बसवून नाही करायचं. उभं असताना कुणी हो म्हणालं तर सांगा."

मामानं फेटा बांधला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि मी आता तेवढा लहान नाही हे आठवून तो खांद्यावर ठेवला. पुढं मला उभं बघून हो म्हणणारं कुणी निघालं नाही. मामा होता तोवर चौकशी करत राहिला, हेही सांगायला हवं.

तो गेल्यावर मी काठीनं कडी लावली. खिळ्यांची पुडी फळीवर तशीच होती. थोडा वेळ खाटेवर बसलो, मग पुन्हा काठीनं कडी काढली आणि म्हातारीच्या दाराशी गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"कडी खाली घ्यायचीय," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. सूप बाजूला ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि स्वतः गल्लीत जाऊन सुतार घेऊन आली. त्यानं मला दारापाशी उभं केलं, हात सरळ पुढं करायला सांगितला, आणि जिथं माझी बोटं टेकली तिथं पेन्सिलीनं रेघ मारली. वरची कडी काढली, खाली ठोकली. मी लावून बघितली. हातानं लागली, एकाच झटक्यात.

"वरची भोकं बुजवू का?" सुतारानं विचारलं. "लांबीचा लगदा भरून देतो, कळायचंबी न्हाई."

मी वर बघितलं. लाकडात चार काळी भोकं, आणि कडी घासून घासून पडलेला एक गुळगुळीत वळ.

"राहू द्या," मी म्हटलं.